परत पाठवलेले दिवे

३ ऑक्टोबर

लेकीने ही वही दिली. म्हणाली, "आई, कुठला दिवा कधी आला आणि कधीपर्यंत परत पाठवता येतो ते लिहून ठेव. मुदत उलटली की मग माझ्या नावाने बोंब मारायची नाही." पहिला दिवा मी मुदत संपल्यावर परत करायला निघाले होते, त्याचा हा टोमणा. तेव्हा नोंद करते.

दिवा क्रमांक दोन. आज सकाळी आला. टेबलाला चिमट्याने लावायचा, मान हवी तशी वळते. खोक्यावर छापलंय, 'दिवसासारखा लख्ख'. लावून पाहिला. असेल दिवसासारखा, पण कुठल्या दिवसासारखा ते लिहायचं राहिलं. परत.

पान बरंच उरलंय म्हणून बाकीचं लिहिते. मी रफू करते, एकतीस वर्षं. कपड्याला भोक पडलं की त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढून घ्यायचे आणि भोकावर पुन्हा कापड विणायचं. आधी उभे धागे, मग आडवे, एकाच्या वरून, एकाच्या खालून. काम नीट झालं तर भोक कुठे होतं ते मलाही सांगता येऊ नये, ही माझी परीक्षा. पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल आहे, तेच माझं दुकान. हल्ली गिऱ्हाईक कमी. शर्ट फाटला की माणसं फोन काढतात आणि दुसरा मागवतात. मी तरी काय, दिवे मागवतेच आहे.

आणि उजेड का पुरत नाही? दिवस लहान व्हायला लागलेत, दुसरं काय. शिवाय समोरच्यांनी मजला चढवलाय.

५ ऑक्टोबर

मोठं काम आलं. वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारी एक बाई, लेकीच्या वयाची, वडिलांचा काळा कोट घेऊन आली. वडीलही त्याच वाद्यवृंदात वाजवायचे. व्हायोलिन डाव्या खांद्याला जिथे टेकतं तिथे कापड विरून भोक पडलंय. वडील वर्षभरापूर्वी गेले. दोन नोव्हेंबरला तिचा एकटीचा कार्यक्रम आहे, पहिलाच, आणि तिला हाच कोट घालायचाय. "काकू, तिघांकडे जाऊन आले. काळ्यावर काळं कुणी करत नाही म्हणाले. तुमचं नाव त्यांनीच सांगितलं."

हे ऐकल्यावर माणूस नाही कसं म्हणणार? काळ्या कापडावर काळ्या धाग्याचं रफू म्हणजे आमच्या धंद्यातली शेवटची इयत्ता. मी ती कधीच पास झालेय. दोन तारखेच्या आत देते म्हटलं.

टेबल खिडकीला अजून चिकटवलं. मी ढकलत होते आणि हे मागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास" करत होते. हे म्हणजे माझे यजमान. सदतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. बस मागे घेताना उतरून ड्रायव्हरला ओरडून सांगायची सवय अजून सुटलेली नाही. गेल्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हापासून सगळी बस मीच.

८ ऑक्टोबर

आज काम कमी, वाचन जास्त. दिव्यांबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचत बसले. चहा दोनदा गार झाला. एक जण म्हणतो डोळे दिपले, दुसरा म्हणतो अंधारच बरा. कुणी खोक्याचाच फोटो टाकलाय. एकाने पाच तारे देऊन लिहिलंय, 'अजून उघडला नाही.' अशांना मताचा अधिकार कुणी दिला कोण जाणे.

लेक दुपारी आली होती. तिच्या ऑफिसात हेच काम चालतं, जगातली माणसं फोनवरून किती घेतात आणि घेण्याआधी किती शोधाशोध करतात ते मोजायचं. तिने लॅपटॉपवर एक आकडा दाखवला. शून्यं मोजता मोजता मी दोनदा चुकले. दरवर्षी वाढतोच म्हणे. मी विचारलं, "एवढं सगळं कोण घेतं गं?" तर म्हणाली, "तू. एका दिव्यासाठी तीन आठवडे वाचते आहेस. आमच्या अहवालात तुझ्यासारख्यांचा वेगळा तक्ता आहे."

"मग लिही त्यात," मी म्हटलं, "की दिवे चांगले बनवले असते तर बाईने एवढं वाचलं नसतं."

१२ ऑक्टोबर

दिवा क्रमांक तीन. उभा, जमिनीवर ठेवायचा. आल्या आल्या त्याच्याच पायात अडकून पडता पडता वाचले. हा काय आकार झाला? उजेड मधोमध बरा आणि कडेला काहीच नाही. परत. एक तारा दिला आणि कारणासकट लिहिलं.

ह्यांनी माझ्या कात्रीला लाल फीत बांधलीय, चांगली हातभर लांब. मी रागावले. एकतीस वर्षांची माझी कात्री, तिला शेपूट कशाला? "सापडत नाही म्हणून सारखी ओरडतेस ना," म्हणाले. सापडत नाही कारण हे आवरून ठेवतात. निवृत्त माणसाला घरात काही काम हवं असतं, हे मला कळतं. पण ते माझ्या टेबलावर नको.

चहा ओतताना बशीत गेला. नवीन किटलीची चोच वाकडी आहे. तीही फोनवरूनच घेतली होती.

१३ ऑक्टोबर

दोन दिवस धागेच काढतेय. काळे उभे धागे लागले तेवढे निघाले. चैन पडत नाही. उठते, फोन बघते, बसते.

१७ ऑक्टोबर

दिवा क्रमांक चार. हा कुठल्या मोठ्या कंपनीचा नाही. एक नवराबायको आपल्या कारखान्यात, म्हणजे गाळ्यातच असणार, हाताने बनवतात. खोक्यात चिठ्ठी होती, बायकोच्या अक्षरात: 'प्रत्येक दिव्याचा उजेड आम्ही मोजून पाठवतो. बारीक काम करणाऱ्यांसाठी.' चिठ्ठी वाचून मला भरून आलं. म्हटलं, चला, आपल्यातलं कुणीतरी भेटलं.

लावला. काळ्या कोटावर धरला. धागा आणि कापड एक झालं, कुठे वर कुठे खाली काही कळेना. आशा दाखवून असं केलं की राग दुप्पट येतो. मोजून पाठवतात म्हणे. काय मोजतात?

हे मात्र तो दिवा स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि त्याखाली पेपर वाचत बसले. "मला तर चांगला दिसतोय." म्हटलं, "तुमचा जन्म बसच्या मिणमिणत्या दिव्यात गेला. तुम्हाला काय, काडी पेटवली तरी चांगली."

परत. आणि मी बसून सविस्तर मत लिहिलं. एकतीस वर्षं काळ्या कापडावर काम करणाऱ्या बाईचं मत, म्हणून सुरुवात केली. कडेला उजेड नाही, काळ्यात काळं दिसत नाही, 'मोजून पाठवतो' ही शुद्ध थाप आहे, असं स्पष्ट लिहिलं. शेवटी, बारीक काम करणाऱ्यांनी याच्या नादी लागू नये. एक तारा. शून्याची सोय नव्हती म्हणून.

१९ ऑक्टोबर

माझं मत दीडशे माणसांना उपयोगी वाटलं. अनोळखी माणसं. एकीने लिहिलंय, 'घेणारच होते, वाचवलंत.' खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. हल्ली माझ्या कामाला कुणी असं म्हणत नाही. रफू चांगलं झालं तर ते दिसतच नाही, मग कौतुक कशाचं करणार?

२१ ऑक्टोबर

चारशे बारा. त्या दिव्याच्या पानावर माझं मत सगळ्यात वर आलंय.

आणि आज दिवेवाल्याचा निरोप आला, त्या पानावरूनच. 'ताई, तुमच्या मनात आमच्याबद्दल काही राग आहे का? तो दिवा मी स्वतः मोजला होता. रोज तीन-चार जायचे, तुम्ही लिहिल्यापासून एकच गेला. दुसरा पाठवतो, पैसे नकोत, पण एकदा परत पाहाल का?'

लेकीला वाचून दाखवलं. तिने माझा फोन घेऊन ते पान पाहिलं. मग म्हणाली, "आई, लहान विकणाऱ्याच्या पानावर असं एक मत वर बसलं की त्याचं दुकान मिटतं. आमच्याकडे अशी पुष्कळ उदाहरणं आहेत."

"मग मी खोटं लिहू?"

"खोटं नाही गं. पण बाबांना तो चांगला दिसतो."

ती घरी जायला निघाली, तिच्याशी बोलत मी वळले तर हे माझ्या उजव्या कानाशेजारी हात वर धरून उभे. बोटं हलवत होते. विचारलं, "हे काय?" म्हणाले, "माशी होती." लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मला माशीबिशी काही दिसली नाही. दोघांचं काहीतरी शिजतंय. माझा वाढदिवस तर अजून लांब आहे.

दिवेवाल्याला उत्तर दिलं नाही. दिवाही अजून दारातच आहे, न्यायला येणारा दोनदा येऊन गेला म्हणे. मी घरात असून मला कसं कळलं नाही?

२४ ऑक्टोबर

कोट झाला. खिडकीत धरला, तिरका धरला, बोट फिरवलं. भोक कुठे होतं ते सांगता आलं नाही. दिवा क्रमांक पाच मध्ये येऊन गेला, नोंद राहिली, त्याखाली केलं काम. तोही काही फारसा बरा नाही, त्यालाही दोनच तारे दिलेत, पण हात जाणतो. मी अजून आहे म्हणायची.

त्या आनंदात ह्यांनी विरजण टाकलं. जेवताना म्हणाले, "एकदा डोळे दाखवू या." म्हटलं, दाखवले की. चष्म्याच्या दुकानात उन्हाळ्यातच तपासले, सगळ्यात खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली, नंबर आहे तोच. "दुकानात नको, डॉक्टरला." मी म्हटलं, "तुम्हाला मी म्हातारी झालेली हवी आहे का? म्हणजे तुम्हाला जोडीदार मिळेल." जास्त बोलले. ते ताट उचलून गेले.

आठवून पाहिलं तर हल्ली रस्त्याने चालताना हे नेहमी माझ्या उजव्या हाताला असतात. पूर्वी चार पावलं पुढे असायचे.

२६ ऑक्टोबर

काय लिहू. व्हायोलिनवाली आली. कोट घातला, आरशात पाहिलं, डोळे पुसले. "काकू, कळतच नाही." मग म्हणाली वाजवून बघते, आणि व्हायोलिन खांद्याला लावलं. चार सूर झाले नसतील, टर्र असा आवाज आला. माझ्या रफूच्या उजव्या कडेला कापड फाटलं. तिथे बोटभर पट्टी पार विरलेली होती, जाळीसारखी. मी ती धरलीच नव्हती. भोकापाशी थांबले होते, विरलेलं कुठवर आहे ते न पाहता. शिकायला येणाऱ्या पोरीसुद्धा ही चूक पहिल्या महिन्यात करतात आणि मग कधी करत नाहीत.

"तुम्हाला दिसलं नव्हतं का?" तिने विचारलं. रागाने नाही. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आत जाऊन बसायला वळले आणि दाराच्या चौकटीवर उजवा खांदा आपटला. त्याच जागी जुनी काळीनिळी खूण आहे. मी ती कधी बघितलीच नव्हती.

कोट ठेवून गेली. सात दिवस राहिलेत.

२७ ऑक्टोबर

चार नंबरच्या दिव्याखाली माझ्या मताला एक उत्तर आलंय. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या माणसाचं. त्याची भाषा यंत्राने मराठीत आणलेली, त्यामुळे अडखळत चालते. जसंच्या तसं उतरवते.

'आदरणीय रफू करणारी बाई. मी घड्याळे दुरुस्त करतो. तुम्ही लिहिले ते मी आधी लिहिले आहे. कडेला उजेड नाही, काळ्यात काळे दिसत नाही. हे मी नऊ दिव्यांबद्दल लिहिले. नऊही दिवे चांगले होते. चष्म्याचे दुकान डोळा समोरून तपासते. कृपया बाजूने तपासून घ्या. मी उशीर केला.'

आधी संतापच आला. कोण कुठला टिकोजीराव, मला शिकवायला आला. फोन उलटा ठेवला. मग पुन्हा सरळ केला. मग पुन्हा.

दुपारी हे झोपलेले असताना मी खुर्चीत बसले, समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे नजर ठेवली आणि उजवा हात बाजूला लांब करून बोटं हलवली. हात होता. हलत होता, ते मला कळत होतं. दिसत नव्हता. डाव्या बाजूचा जरा दिसला.

भीती वाटतेय, हे इथे लिहायला हरकत नाही.

२९ ऑक्टोबर

डॉक्टरकडे गेलो. हे आणि मी.

एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. सुरुवातीला पटापट दाबलं. मग यंत्र थांबलं. परत दोन चमकले, परत थांबलं. मी वाट बघतेय, काहीच नाही. शेवटी तिथल्या मुलीला म्हटलं, "तुमचं यंत्र मध्येमध्ये बंद पडतंय."

ती हळूच म्हणाली, "नाही हो काकू. ते थांबत नाही."

मी त्या यंत्रालासुद्धा एक तारा देणार होते.

काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना, उजव्याला फार. डॉक्टरांनी कागदावर काळं-पांढरं चित्र दाखवलं. मधे स्वच्छ आणि भोवती काळं. म्हणाले, गेलं ते गेलं, ते परत येणार नाही. उरलंय ते थेंब घालून राखता येईल, पण रोज, जन्मभर, एक दिवस न चुकता. मी विचारलं, "काम?" म्हणाले, मधलं शाबूत आहे तोवर करा. कापड फिरवा, डोळ्यांच्या भरवशावर राहू नका.

बाहेर बाकावर बसले आणि ह्यांना विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"मार्चपासून. तू त्या बाजूने येणाऱ्या सायकलीसमोर सरळ पाऊल टाकलंस."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो. तू चष्म्याचं दुकान दाखवलंस. मग मलाच भीती वाटली, डॉक्टर काय सांगेल त्याची." खिशात रुमाल शोधत म्हणाले, "ड्रायव्हरला जी बाजू दिसत नाही ती बघायची, एवढंच काम मी आयुष्यभर केलं. म्हटलं घरीही तेच करू. फीत बांधली, तुझ्या वाटेतलं स्टूल हलवलं. चुकलंच माझं. ओरडायला हवं होतं."

मी रडले. दवाखान्यात, चारचौघांत. ह्यांनी रुमाल समोरून दिला, मला दिसेल असा.

३० ऑक्टोबर

सकाळी फोन घेऊन बसले. पहिल्या दोन दिव्यांबद्दल काही लिहिलं नव्हतं, ते बरं. तीन, चार आणि पाचची मतं बदलली. तिन्हीकडे तेच लिहिलं: दिवा चांगला आहे. दोष माझ्या डोळ्यांत निघाला. तुम्हालाही लागोपाठ दिवे अपुरे वाटत असतील तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन बाजूची नजर तपासा, मग दिवा घ्या. घड्याळवाल्यालाही दोन ओळी लिहिल्या. यंत्र त्याच्या भाषेत काय करेल कोण जाणे. आभार तरी बरोबर पोहोचोत.

लेकीला विचारलं, "आता त्या नवराबायकोचं ठीक होईल ना?" ती खोटं बोलत नाही, हा तिचा गुण माझाच. "आई, ज्या चारशे जणांनी वाचलं ते काही परत येऊन वाचणार नाहीत. पुढचे वाचतील."

म्हणून दिवेवाल्याला फोनच केला. सगळं सांगितलं. पलीकडे मशीन चालू होतं, ते त्याने बंद केलं. मग म्हणाला, "ताई, त्या आठवड्यात बायको रोज प्रत्येक दिवा पुन्हा मोजत होती. तिला वाटलं आपल्याकडूनच काही राहतंय." माफ करा म्हटलं, आणखी काय म्हणणार. तो म्हणाला, "तुम्ही बदललंत ते वाचलं आम्ही. उशीर झाला, पण बरं केलंत." मग फोन तिने घेतला आणि विचारलं, "थेंब घातले का आज?"

घातले होते. ह्यांनी घड्याळ लावून घातले.

दुपारी दिवा परत मागवायला निघाले तर हे म्हणाले, "कशाला? तो कुठे गेलाय?" दारातलं खोकं उघडून त्यांनी तो टेबलावर ठेवला. न्यायला येणारा माणूस दोनदा आला तेव्हा ह्यांनीच त्याला बाई घरी नाहीत म्हणून परत पाठवलं होतं. आणि मी आत शिवणयंत्र चालवत होते, त्याच्या आवाजात काही ऐकलं नाही.

१ नोव्हेंबर

काल दिवसभर आणि आज दुपारपर्यंत कोट. जुनं रफू सगळं उसवलं. मान हलवायची नाही, कोट हलवायचा, असं ठरवलं. एका वेळी बोटभर कापड दिव्याच्या बरोबर खाली आणायचं, तेवढंच जगात आहे असं समजायचं. हे उजव्या हाताला स्टूल घेऊन बसले, भिंग घेऊन. विरलेलं कुठवर आहे ते त्यांनी बघायचं आणि मी विणायचं.

"अजून आहे उजवीकडे. येऊ दे. येऊ दे."

"किती?"

"दोन धागे. येऊ दे. आता एक. बास."

एवढं हळू काम मी शिकतानासुद्धा केलं नव्हतं. मध्येच चिडले, सुई टाकली, खोलीत फेऱ्या मारल्या, दारावर खांदा न आपटता. ह्यांनी सुई लाल फितीपाशी ठेवली आणि वाट बघत बसले.

झालं. बोट फिरवलं. भोक कुठे होतं ते मला सांगता आलं नाही. पण माझ्या न दिसण्याला आता काय किंमत? म्हणून कोट ह्यांच्याकडे दिला. ते खिडकीत घेऊन गेले. भिंग लावून पाहिलं, भिंग काढून पाहिलं, कापड उलटसुलट केलं. मग माझ्या समोर येऊन विचारलं, "कुठे होतं गं?"

संध्याकाळी व्हायोलिनवाली आली. या वेळी पूर्ण रचना वाजवली, उभ्यानेच, आमच्या पुढच्या खोलीत. मी कोटाच्या खांद्याकडेच बघत होते. तो हलला नाही. जाताना तिने उद्याची दोन तिकिटं दिली. ह्यांनी विचारलं, "डावीकडच्या खुर्च्या की उजवीकडच्या?" तिला कळेना, यात विचारायचं काय. मी म्हटलं, "मला मधली चालेल. उजवीकडे हे बसतील."

दिवा क्रमांक चार. ठेवला.